कंटाळा करणे, कंटाळा येणे

बाबा, मी पनवेलमध्येच एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवतो, रिपोर्ट टाइप करतो. बारावी अर्धवट सुटली, पण माझं लिहिलेलं चुकत नाही म्हणून लॅबच्या डॉक्टर मॅडमनी ठेवून घेतलं. छापण्याआधी मी प्रत्येक नाव तीनदा वाचतो, तरी घरी गेल्यावर एखादं अक्षर चुकलं असेल ही धास्ती जात नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज लिहायला बसलो त्याला कारण मंगळवारी खिडकीवर आलेलं एक जोडपं.

उलव्याहून आले होते. नवऱ्याला गेल्या वर्षी लकवा मारून गेला, आता तो चालतो, बोलतो, हातही उचलतो. बायकोने रिपोर्ट खिडकीत ठेवले आणि म्हणाली, "मॅडम, सगळं नॉर्मल आहे ना? मग हा दिवसभर पडून का असतो? नाटक करतो का?" नवरा बाकावरूनच म्हणाला, "नाटकात घेतलं तर पहिल्या अंकातच झोपेन मी." बायकोला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. मॅडम बाहेर आल्या, त्यांच्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, झटक्यानंतर असा थकवा पुष्कळांना येतो, झोपून उठलं तरी जात नाही. काहींच्या रक्तात सूज दाखवणारे घटक वाढलेले सापडतात, त्याचा या थकव्याशी संबंध असावा असं दिसतंय, पण अजून पक्कं नाही. "ह्या एका चाचणीवरून थकवा कळला, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून थकवा खोटा, असंही समजू नका." मी आत टाइप करत होतो. माझी बोटं थांबली.

तुमचंही सगळं नॉर्मल होतं. तळोज्याच्या कंपनीत वीस वर्षं पाळ्या केलेला माणूस, झटक्यातून उठून तीन महिन्यांत काठीशिवाय चालायला लागला, म्हणून आळीतले लोक बघायला यायचे. आणि घरात? स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तुम्ही बसला आहात, पुढ्यात भिजवलेल्या वालांचं पातेलं. मूठभर सोलून होतात, तुम्ही हात पुसता आणि भिंतीला टेकून डोळे मिटता. आई चुलीपासून न वळता म्हणते, "वाल सोलून पन दमलाव? काय डोंगर फोरलाव?" तुम्ही म्हणता, "कंटाला येतो गं." मी अभ्यासाच्या वहीतून डोकं वर काढतो. "बाबा, कंटाला नाही, कंटाळा. ळ." तुम्ही हसता, आणि माझ्यासाठी एकदा नीट म्हणून दाखवता.

घरातले सगळे अर्ज मीच लिहायचो. तुम्ही पेनही मला त्यासाठीच आणून दिलं होतं, निळ्या डबीतलं, "पोराचा अक्षर बघा" असं चार लोकांना सांगत. त्यामुळे हॉस्पिटलात व्यायामाच्या विभागात फॉर्म दिला तेव्हा तो माझ्याकडेच आला. 'रुग्णाची तक्रार' अशी ओळ होती. मी विचारलं, काय लिहू? तुम्ही म्हणालात, "लिव, कंटाला येतो." मी वळणदार अक्षरात लिहिलं: रुग्ण व्यायामाचा कंटाळा करतात. ळ तपासला, अनुस्वार तपासला. माझं वाक्य मला तुमच्या वाक्यापेक्षा बरं वाटलं.

डॉक्टरांनी ते वाचलं आणि तुमच्यावर चिडले. "काका, असा कंटाळा करून कसं चालेल? मुलगा शाळा बुडवून तुमच्याबरोबर येतोय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. वाटलं, आता सांगाल. पण तुम्ही म्हणालात, "पोरगा शिकलेला हाय. बराबरच लिवला असंल." बाहेर रिक्षाची वाट बघताना मात्र हळूच म्हणालात, "मी कंटाला करत नाय रं. मना कंटाला येतो." तुमच्या बोलीत कंटाला म्हणजे थकवाही, पण मी म्हणालो, "एकच ते." त्यानंतर वर्षभर त्या फाइलवर तेच वाक्य राहिलं, आणि जो कुणी फाइल उघडायचा तो आधी तुम्हाला ओरडायचा. थकव्याबद्दल तुम्हाला पुन्हा कुणी विचारलं नाही. तुम्हीही सांगायचं सोडून दिलंत. दुसऱ्या झटक्याच्या दिवशीसुद्धा आई आधी म्हणाली, पडून राहायचं निमित्त.

बुधवारी सुट्टी घेऊन तुमची फाइल काढली. रक्ताचे सगळे कागद ओळीने लावले, दोनदा पाहिले. मॅडम म्हणाल्या ते सूज दाखवणारे घटक तुमचे कुणी तपासलेच नव्हते. तपासले असते तरी त्यातून काय निघालं असतं, हे मॅडमनाही सांगता येणार नाही. आईला मी अजून काहीच बोललो नाही. तिला सांगायचं तर माझं वाक्यही सांगावं लागेल.

एक मात्र लिहून ठेवतो. फाइल चाळताना मी अर्धा दिवस एखादा वाढलेला आकडा शोधत होतो. तुम्ही खरं बोलत होता, हे मानायला मला अजूनही कागद हवा होता, बाबा.