आपल्या मागचा व्हाळ

अण्णा,

आपल्या इमारतीमागून जे पाणी वाहतं त्याला काय म्हणायचं, यावर परवा सरकारी सुनावणी झाली. तुम्ही हसाल. याच एका शब्दावरून तुम्ही आयुष्यभर अख्ख्या बोरिवलीशी भांडलात आणि कोणी तुम्हाला विचारलं नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर टेबलामागे साहेब लोक बसले आणि त्यांनी तेच विचारलं. मला बोलावलं होतं. तुमची मुलगी म्हणून नव्हे, इमारतीतली सगळ्यांत जुनी रहिवासी म्हणून. एवढी म्हातारी झाले मी.

माझ्या लहानपणी सगळे त्याला नालाच म्हणायचे. पोस्टमन, रिक्षावाले, दूधवाला, सगळे. ‘नाल्याच्या बाजूची बिल्डिंग’ हाच आपला पत्ता होता. मी शाळेत असताना एकदा गॅलरीतून खाली उभ्या असलेल्या मैत्रिणीला ओरडून सांगत होते, नाल्याच्या कडेने ये म्हणून. तुम्ही आत दाढी करत होतात. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आलात. मला वाटलं, ओरडले म्हणून रागावणार. तुम्ही म्हणालात, “नालो म्हणू नको गो. नालो माणसां बांधतत. व्हाळ आपसूक येता.” आपल्या मालवणीत ओढ्याला व्हाळ म्हणतात. एवढं बोलून उरलेली दाढी करायला आत गेलात. खाली मैत्रीण विचारतेय, काय झालं गं.

स्वयंपाकघराची खिडकी त्या पाण्यावरच उघडायची. वरच्या अंगाला म्हशींचे तबेले होते, त्यांचं शेण, पेंढा, सगळं वाहत यायचं. आई बांगडे तळायला बसली की आधी खिडकी लावून घ्यायची आणि तुम्ही कामावरून आलात की आधी ती उघडायचात. औषधांच्या कारखान्यात दिवसभर पॅकिंगच्या बंद खोलीत काढल्यावर तुम्हाला वारा लागायचा. आई म्हणायची, “वास येता.” तुम्ही म्हणायचात, “वास व्हाळाचो नाय, आमचो.” त्यावर आईचं ठरलेलं उत्तर, “आमचो तर आमचो, पण माझ्या बांगड्यांक नको.” रोज हेच. आज त्या ओट्यापाशी उभी राहिले की मला दोघांचे आवाज ऐकू येतात आणि खरं सांगायचं तर घर फार रिकामं वाटतं.

नारळी पौर्णिमेचं तर विचारूच नका. लोक जुहूला, गोराईला जायचे. तुम्ही धुतलेला सदरा घालून, नारळाला हळदकुंकू लावून मागच्या पडक्या भिंतीतून खाली उतरायचात आणि तो आपल्या व्हाळात सोडायचात. इमारतीतली पोरं गॅलरीत उभी राहून खिदळायची, “काका गटाराला नारळ वाहतायत.” मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्ही मान वर करून त्यांना शांतपणे विचारायचात, “ह्यां पाणी खंय जाता? दर्याकच ना? मगे?” पुढच्या वळणावर धोबी कपडे धुवायचे, ते नारळ काढून घेतात हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. एका वर्षी धोबीण संध्याकाळी ओल्या नारळाच्या वड्या घेऊन आली. आईने चार खाल्ल्या, तिच्या हाताला काय चव आहे म्हणाली. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात. आईला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आपण दोघांनी ते कधी सांगितलंही नाही.

आणि एक रविवार. तुम्ही मला नॅशनल पार्कात घेऊन जाताय. मी विचारते आहे, सिंह दाखवणार ना, आणि तुम्ही सिंहाची रांग सोडून सरळ आत चालत सुटता. झाडांच्या सावलीत एक ओढा आहे, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसतात. तुम्ही पँट दुमडून पाय सोडून बसता, मलाही बसवता. बारीक मासे माझ्या बोटांना टोचतायत. तुम्ही म्हणता, “ह्योच तो.” मला काही केल्या पटत नाही. मी म्हणते, हा कसा असेल, आपला तर काळा आहे. तुम्ही बराच वेळ पाय पाण्यात ठेवून बसता. तुम्हाला इतकं समाधानी मी पुन्हा पाहिलं नाही.

तुम्ही गेलात आणि काही वर्षांनी एका जुलैत त्याच व्हाळाने पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आणलं. मग सरकारला जाग आली. पलीकडच्या काठावरच्या झोपड्या हलवल्या, त्यांत आपली धोबीणही गेली. त्यांना लांब, कारखान्यांच्या धुराजवळ उंच इमारतीत खोली मिळाली. ती एकदा भेटायला आली तेव्हा खोकत होती. घर पक्कं आहे, म्हणाली, पण धुवायला पाणी नाही आणि धुवायला कपडे देणारं कोणी नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती आल्या. तळालाही सिमेंट घातलं. म्हणजे आता तो खरोखरच माणसांनी बांधलेला आहे, अण्णा. आता तुम्ही त्याला काय म्हटलं असतंत, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

नियम असा आहे की नकाशात नदी असली तर काठापासून बरीच जागा मोकळी सोडायची, तिथे नवं बांधकाम नाही. नाला असला तर थोडक्यात भागतं. आपली इमारत इतकी काठाला आहे की व्हाळ नदी ठरला तर ती पाडून नवी उभी करता येणार नाही. आणि जुनी कधी अंगावर येईल सांगता येत नाही. मागच्या महिन्यात ओट्यावर छताचा तुकडा पडला, मी देवघरात होते म्हणून वाचले. माझा मुलगा आणि सून विरारला भाड्याने राहतात. नवी मोठी जागा झाली तर ते नातीला घेऊन परत येणार आहेत.

तुम्ही ज्याला कॅरम शिकवलात तो खालच्या मजल्यावरचा मुलगा आता सोसायटीचा सेक्रेटरी आहे. केस पांढरे झाले, बोलणं तसंच. तो येऊन म्हणाला, “ताई, तू फक्त एवढंच बोल, लहानपणापासून आम्ही नालाच म्हणतो. खोटं थोडीच आहे यार?” खोटं नव्हतंच. मी त्याला म्हटलं, “माझे वडील नाला म्हणायचे नाहीत.” तो म्हणाला, “काका गेले गं. आपल्याला राहायचंय ना इथे.”

वॉर्ड ऑफिसच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते. एका बाजूला आपली सोसायटी, दुसऱ्या बाजूला नदी वाचवा म्हणणारी कॉलेजची मुलं, बिचारी फलक घेऊन आलेली. साहेबांनी मला विचारलं, “आजी, तुमच्या घरात ह्याला काय म्हणायचे?” मी उभी राहिले आणि म्हणाले, “व्हाळ.” साहेब देशावरचे असावेत, त्यांनी विचारलं, “म्हणजे?” मी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरी म्हणाला, “मालवणीत नाल्याला म्हणतात, साहेब.” साहेबांनी मान डोलावली आणि तसं लिहून घेतलं. मी खाली बसले. त्या मुलांमधली एक मुलगी माझ्याकडे आशेने बघत होती, अजून काहीतरी बोलेन म्हणून. मी पदर नीट केला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला, आई, झकास काम केलंस. मला आनंद झाला. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही म्हणूनच एवढं लिहिते आहे. इमारतीत सगळे म्हणतात, म्हातारीच्या तोंडून जुना शब्द निघून गेला, आणि मी हसून मान हलवते. तो निघून गेला नव्हता, अण्णा. नाला म्हणायला माझी जीभ वळली नसती आणि नदी म्हणायची मला हिंमत नव्हती. तुमचा शब्द तिथे कोणाला कळणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तो वापरला.