घर आईचे, पाळत अंगदची

खाली सही करणारा मी, अजिनाथ त्रिंबक वाघुले, वय २९, शिक्षण नववीपर्यंत, धंदा पूर्वी ऊसतोड, सध्या मिशनचा सेवक, मुक्काम खडकपिंपरी, तालुका आष्टी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाढवळ्या, घराचे दार उघडे ठेवून लिहीत आहे. माझी प्रकृती ठीक आहे आणि डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला मागे टाचला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी आमिष दाखवलेले नाही. आमिषाबद्दल गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य दोनदा वाचून मगच कायम केले.

पाने चार आहेत. प्रत्येक पानावर सही आहे. ओळीच्या शेवटी जिथे जागा उरली तिथे रेघ मारली आहे, म्हणजे मागाहून कोणाला शब्द घुसवता येणार नाही. रेघेवर काही लिहिलेले आढळले तर ते माझे नव्हे.

पुढच्या महिन्यात मी सेवेसाठी आफ्रिकेतल्या मलावी देशात दुसऱ्यांदा जात आहे, तीन वर्षांकरिता. दसऱ्यानंतर इथल्या टोळ्या ऊस तोडायला निघतील. तिकडे मला काही झाले तर माझी आई सरस्वतीबाई हिला राहत्या घरातून कोणी हलवू नये, एवढ्याचसाठी हा खटाटोप आहे.

कलम १. वाटणीत माझ्या नावावर आलेले दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, पुढच्या ओट्यासह, आई हयात असेपर्यंत तिचे. थोरले बंधू रामेश्वर यांना ते पाडून रस्त्याच्या बाजूने गाळे काढायचे आहेत. तोंडावर ते कधी म्हणाले नाहीत. पण मी परत आलो त्या आठवड्यात त्यांनी ओटा पावलांनी मोजला, आणि मी पाहतो आहे हे कळल्यावर चप्पल शोधत असल्याचे दाखवले. चप्पल पायात होती. गाळे झाले तर आईला दर हंगामात त्यांच्याबरोबर फडावर जावे लागेल, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून नातवंडे सांभाळायला. तिने सव्वीस हंगाम ऊस तोडला आहे. आता तिला फडावर नेऊ नये.

कलम २. आईच्या पश्चात घर दिपालीला. दिपाली ही रामेश्वर यांचीच मुलगी, बीडला क्लासला असते. ती कोणताही कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नाही. घरात अशी एकटी तीच आहे.

कलम ३. माझ्या वाट्याचे वीस गुंठे रामेश्वर यांना. बाबांचा कोयताही त्यांनाच. तो माझ्याकडे आहे असा त्यांना नऊ वर्षे संशय होता. माझ्याकडेच आहे.

कलम ४. माझी पुस्तके मिशनच्या नगरच्या कार्यालयाला. घर मात्र मिशनला नाही, भाड्यानेही नाही. तिथले एक साहेब चहा पिताना म्हणाले होते की तुमची पुढची खोली प्रार्थनेला बरी पडेल. सहज म्हणाले असतील. पण सहज म्हटलेली गोष्ट पुढे ठराव होऊन येते. त्या खोलीत आईचे देव आहेत. ते तिथेच राहतील. पासबुकात जे निघेल ते आईचे.

कलम ५. मलावीतल्या माझ्या खोलीत एक लोखंडी पेटी, एक सायकल व मच्छरदाणी आहे. त्या मावुटो या गृहस्थांना द्याव्यात. हे ख्रिस्ती बंधू नाहीत, माझे मित्रही नाहीत, म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

मिशनला तिकडच्या ऊसमळ्यावर ऊसतोडीतला माणूस हवा होता, म्हणून मला पाठवले. मळ्याच्या कडेला खोली मिळाली. तिकडे आपला, भारतातला माणूस म्हणजे दुकानदार अशी समजूत. मी काही विकत नव्हतो, त्यामुळे लोकांना माझा जास्तच संशय येई. बायका दारावरून जाताना आत वाकून माल कुठे ठेवला आहे ते बघत. मीही कमी नव्हतो. तेलाच्या बाटलीवर पेनाने खूण करून मगच बाहेर पडत असे. सकाळी रस्त्यात भेटेल तो विचारी, कसे उठलात? तिकडचा तो रामराम आहे. मला वाटे, मी कसा उठतो याची चौकशी यांना कशाला?

पहिल्याच आठवड्यात समोर राहणारे मावुटो, मळ्याचे जुने राखणदार, पेटता बोळा घेऊन उसाच्या कडेने चालताना मला दिसले. मागून फड पेटला. आपल्याकडे ऊस जळाला म्हणजे कोणीतरी दावा साधला, हे लहान पोरालाही कळते. मी बादली घेऊन ओरडत धावलो आणि चाळीस माणसांसमोर त्यांचा हात धरून आगलाव्या म्हणालो. तेवढा शब्द त्यांच्या भाषेतला मी आधी वही उघडून बघून घेतला होता. लोक पोट धरून हसले. तिकडे तोडणीच्या आधी ऊस मुद्दाम जाळतात. पाचट जाते, साप जातात, मग तोडतात. मावुटो हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या दारासमोर आंब्याखाली बसू लागले. मी कधी उठतो, कुठे जातो, कोणाशी बोलतो, सगळे बघत. मी माफी मागितली, साखर नेऊन दिली. साखर घेतली आणि बसणे चालू ठेवले. मला वाटले, हे चोरीची वेळ हेरत आहेत. मी पेटीला दुसरे कुलूप लावले. असे सात महिने गेले.

मग मला हिवताप आला. दोन दिवस मला उठता आले नाही. माझ्याकडे प्रार्थनेला येणाऱ्या अकरा जणांपैकी प्रत्येकाला वाटले की मी दुसऱ्या वाडीवर गेलो असेन. मावुटोंनी दाराची कडी तोडली आणि मला सायकलवर बांधून दवाखान्यात नेले. शुद्धीवर आल्यावर मी त्यांना विचारले की तुम्ही कसे आलात.

ते म्हणाले, "तू मला आगलाव्या म्हणालास. तू स्वतः काय करतोस ते मला पकडायचं होतं. दोन दिवस दार उघडलं नाही. जो बघत असतो त्यालाच कळतं."

मी बरा झाल्यावरही ते आंब्याखाली बसतच राहिले.

कलम ६. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी माझा चुलतभाऊ अंगद याला नेमतो. हे वाचून गावाला धक्का बसेल. माझा बाप्तिस्मा झाल्यावर ग्रामपंचायतीत माझ्याविरुद्ध अर्ज देणारा अंगदच. चार वर्षे तो समोरच्या पारावर बसून माझ्या घरी कोण येते, कोण जाते ते बघत आहे. मी मलावीत असताना रामेश्वर एका गवंड्याला व टेप घेऊन आले. अंगदला वाटले, मी चर्च बांधायला माणसे पाठवली. त्याने टेप हिसकावून घेतला, आईला बाहेर बोलावून विचारले आणि गवंड्याला वेशीपर्यंत पोहोचवून आला. त्याचा संशय साफ चुकीचा होता. घर मात्र वाचले.

मागच्या सोमवारी मी पारावर जाऊन त्याला हे काम घ्यायला सांगितले. तो बराच वेळ माझ्या खिशाकडे बघत होता.

"मला कावून? कायतरी डाव हाय तुझा."

मी म्हणालो, "डाव न्हाई. तुझा माझ्यावर इस्वास न्हाई, म्हणून."

"रामेश्वरवर बी न्हाई. आन् तुझ्या मिशनवर तर लईच न्हाई."

"म्हणूनच म्हणतो."

त्याने कच्चा मसुदा घरी नेला, तीन दिवस ठेवला आणि परत देताना कलम ४ मध्ये 'भाड्यानेही नाही' हे शब्द घालायला लावले. मला ते सुचले नव्हते. व्यवस्थापक साक्षीदार असला तरी चालते, असे वकिलांनी सांगितले आहे. मी दोनदा विचारले.

कलम ७. मी मलावीत मेलो तर मला तिथेच पुरावे, आणण्याचा खर्च करू नये. इथे मेलो तर माझी इच्छा दफनाची आहे. पण आई हयात असेल तर तिचा शब्द शेवटचा. तिच्याशी मिशनने वाद घालू नये आणि गावानेही घालू नये.

हे सर्व मी आईला वाचून दाखवणार होतो. ती म्हणाली, "तू तुला पायजे तेच वाचशील. अंगदला वाचू दे." अंगदने ओट्यावर बसून सगळे वाचले. आईने मध्ये एकदाच थांबवले. मला फडावर न्यायचे नाही हे कुठे लिहिले आहे, तिथे बोट ठेव, म्हणाली. त्याने ठेवले. ती त्या ओळीकडे बघत राहिली, मग चहा ठेवायला आत गेली. अंगद चहा न घेता कधी गेला नाही असे त्या दिवशी आईकडून कळले. चार वर्षे तो पारावर बसतो, तर चहा आमच्याच घरून जात होता.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला व मला मान्य आहे.

ठिकाण : खडकपिंपरी, ता. आष्टी, जि. बीड
दिनांक : ११ ऑगस्ट २०२५

सही : अजिनाथ त्रिंबक वाघुले

साक्षीदार १ : पंडित आसाराम मुटकुळे, झेरॉक्सचे दुकान, आष्टी. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २ : अंगद भागवत वाघुले. खालचा मजकूर अंगदने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. मी त्यात एकही अक्षर दुरुस्त केलेले नाही.

समदं वाचलं. इस्वास न्हाई तरी सही करतो. चुलती ह्याच घरात ऱ्हाईल. कोनाला तिला काडायची आसंल त्यानं आदी माझ्या दारात यावं.