अडतीस मिलिमीटर

९ नोव्हें., रवि.
यादीत दोनच गाड्या उरल्या. शि. म्हणजे शिरूरच्या डीलरकडची, भां. म्हणजे भांडगावच्या आप्पांची. दोन्ही जुन्या, दोन्ही फोर-बाय-फोर. घाटातल्या जंगलवाटांवर स्वतः चालवायची आहे. टायर, विंच वगैरे नंतर. आधी चासी.
आज पप्पांबरोबर भां. पाहिली. आप्पा त्यांचे जुने स्नेही. फोर-व्हीलचा दांडा नीट पडतो. खाली झोपून पाहिलं तर पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाही.
"त्यो व्हय? डिझेल खातो म्हणून कवाच काढला. गोठ्यात हाय. वासरू बांधतो त्याला."
जाऊन पाहिलं. खरंच रोवलेला होता, वासरासकट.
"म्हणजे आप्पा, ही दोनच चाकांवर ओढतेय."
"दांडा तर पडतोय की, ताई."
पप्पा हसले. निघताना म्हणाले, "आप्पा, गाडी आमचीच समजा." मला न विचारता.

११, मंगळ.
कुरकुंभहून पहिली शिफ्ट संपवून एकटीच भां. पाहायला गेले. आप्पा उसाला पाणी द्यायला गेलेले. काकू म्हणाल्या, "बघा काय बघायचं त्ये," आणि चहा ठेवायला आत गेल्या.
कंपनीत टाक्यांच्या वेल्डिंगची करते तीच टेस्ट केली. घासून स्वच्छ केलं, लाल डाय मारला, दहा मि. थांबले, पुसलं, वर पांढरा स्प्रे. स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बसतो, तिथे पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटली. तडा. ३८ मिमी.
रेघेच्या दोन्ही टोकांना पंचने ठिपका मारला. तडा ठिपक्याबाहेर गेला, तर वाढतोय. फोटो काढले. वहीत नोंद.
ते ब्रॅकेट उखडलं तर हातातलं स्टिअरिंग फिरेल, चाकं वळणार नाहीत.
काकूंनी विचारलं, कशी वाटली. "छान आहे." का म्हटलं, माहीत नाही.

१४, शुक्र.
आप्पांचा फोन. "जंगलवाटांना गाडीची उंची कमी पडतेय," म्हटलं. खोटं.
दोष सांगितला असता तर भाव पाडायला बोलतेय असं वाटलं असतं. आणि पप्पांनी शब्द दिलेला. कंपनीतही मी रिपोर्ट साहेबांना देते, टाकी वापरणाऱ्यांशी बोलत नाही. तीच सवय.
पप्पा दिवसभर पेपरमागे. एकदाच बोलले. "उंची आधी दिसली नव्हती का?"

२०, गुरु.
जेवताना पप्पा: "आप्पांची गाडी गेली. भाचा घेऊन गेला. कोरेगाव भीमाचा संजू. कांद्याच्या लागणीला बायका न्यायच्यात म्हणे त्याला."
अशा गाडीत किती बसवतात? बारा? चौदा? बारा धरल्या तरी पुढच्या चाकांवर…
आप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं, मापासकट. ते म्हणाले, "तवाच का न्हाई बोललात, ताई?"
"संजूला सांगतो," म्हणाले. काय सांगतील? 'वेल्डिंग मारून घे' एवढंच.

२१, शुक्र.
पप्पांना सांगितलं. त्यांच्या शब्दाबद्दल रागावतील असं धरून चालले होते. त्यांनी वही मागितली. तारीख पाहिली. ११.
"दहा दिवस?"
"हो."
पप्पा दौंडला रेल्वेत डबे तपासायचे. हातोडी मारून आवाज ऐकायचा. म्हणाले, "डब्यात दोष सापडला की आम्ही खडूनं डब्यावरच लिहायचो, सिक, म्हणजे आजारी, गाडीला जोडायचा नाही. मोठ्या अक्षरात. वहीत नंतर. नुसतं वहीत लिहिलं तर डबा पळतोच."
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२३, रवि.
कोरेगाव भीमा. संजूच्या अंगणात गाडी. बाकं नवी, लाल रेक्झिनची. परवानगी घेऊन खाली झोपले. माझे ठिपके सापडले. एका टोकाला तडा ठिपका ओलांडून ६ मिमी पुढे. म्हणजे ४४. पुन्हा मोजलं. ४४.
संजूला खाली वाकवून दाखवलं. नुसतं वरून वेल्डिंग चालणार नाही, तडा खोदून काढून आतून प्लेट द्यावी लागेल.
"बुधवारी गॅरेजला लावतो ना, मॅडम. उद्या बाया ठरल्यात. वाफं भिजवून ठेवल्यात शेतवाल्यानं."
"उद्या नको."
"मामानं येवढी वर्सं चालवली. काय झालं का?"
पप्पांनी दिलेला खडू खिशात होता. गाडीच्या दारावर लिहिलं: स्टिअरिंगला तडा. बसू नका.
संजू हसला. "फडकं मारलं की गेलं, मॅडम."
ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई रोपांच्या जुड्या बांधत होत्या. "काय लिवलं गं?" वाचून दाखवलं. मग त्यांना विचारलं, रोज किती जणी बसतात. पंधरा. त्यांची सूनही.
"आन् मग उद्या आमाला तू पाठीवर नेतीस व्हय?"
सगळे हसले. मी दुसरी गाडी बघते म्हटलं. "लागणीच्या दिवसांत?" संजू म्हणाला. तिथे उभी राहून चार फोन केले. मिळाली नाही.
निघाले तेव्हा बाई गाडीच्या दाराकडेच बघत होत्या.

२४, सोम.
त्या साडेसहाला निघतात. साडेसहा झाले. सात झाले. पप्पा दोनदा येऊन गेले.
७.२०. संजूचा मेसेज. गाडीचा फोटो, दारावर खडू तसाच. खाली: "मामा शाफ्टबी देतो म्हणतोय. दारावर लिवलं तुमी, आता तुमीच घ्या ही. कधी नेताय?"
अकराला शि. बघायची ठरली आहे. तिला खालून नवाकोरा काळा कोट मारलाय, डीलरने फोटो पाठवलाय, चकचकीत. त्याखाली काय आहे, मला माहीत नाही. भां.चं निदान माहीत आहे.
संजूचा फोटो मोठा करून पाहिला. मागच्या बाकावर फडक्यात बांधलेलं काहीतरी आहे. जेवणाचे डबे असतील. रोपं असतील. फोटो आजचा की कालचा, बाया त्यातून गेल्या की नाही, काहीच कळत नाही.
संजूला फोन लावलाय. वाजतोय.