टायरावरचे चार आकडे

प्रिय पंकजा,

आजीचा तुला अन् तुझ्या लेकीला पोटभर आशीर्वाद. मी पणजी झाले! सगळ्या गल्लीत पेढे वाटले. वैष्णवीच्या आईनं विचारलं, मावशे, पणती कुणावर गेली? मी म्हणलं, अजून बघितली न्हाई, पण फोनवर रडणं ऐकलंय, माझ्यावरच गेली असणार, येवढा मोठा आवाज आपल्या घरात दुसऱ्या कुणाचा हाय? वैष्णवी परभणीला यायलीय म्हणून तिच्याजवळ हे पत्र अन् डिंकाचे लाडू देतेय. लाडू रोज दोन खा, जावयाला एकच दे.

चौथी शिकलेली बाई मी, येवढं लिहायला तीन दिवस लागले. फोनच केला असता, पण तुझ्या बापाचं नाव काढलं की तू म्हणतीस, आजी, ठेवते. ट्रॉली उलटून तुझी आई गेली, त्याला दोन सालं झाली. तवापासून तू बापाशी, माझ्या परमेश्वराशी, एक शब्द बोलली न्हाईस. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तेसुद्धा सासरीच केलंस. रविवारच्या बारशाचं आवतन आलं ते जावयाच्या फोनवरनं, अन् ते बी एकट्या माझंच. तुझा बाप समोरच बसला होता. म्हणला, जा माय, मी एष्टीत बसवून देतो.

आता हिकडची खबर. सोमवारी आपली ट्रॉली ऊसतोडीला निघायची, पाच महिन्यांसाठी. बोचकी, चुली, कोंबड्या, वर बाया-लेकरं, तुला सगळं ठावच हाय. तर तुझ्या बापानं ठरवलं की औंदा चारी टायरं बदलायची. मी म्हणलं, मी येते संगं. तो म्हणला, माय, तुझं काय काम तिथं? काय काम ते माझं मलाच ठाव नव्हतं. तुझी आई दैवशाला गेल्यापासून माझं असंच चाललंय बघ. जेवते, झोपते, शेळ्या सोडते, पण ते दुसरंच कुणी करायलंय अन् मी ओसरीवर बसून बघायलेय, असं वाटतं. तुझ्या पोरीची खबर आली तवा मी हसले म्हणे. मला ते शेजारणीनं सांगितलं.

गंगाखेडला युनूसभाईचं दुकान हाय. टायरं एकावर एक रचलेली, काळीभोर. मी एकावर हात ठेवला, म्हणलं, हे घे, म्हशीवानी चमकायलंय. युनूसभाई म्हणले, अम्मा, रंग नक्को देखो, रंग तो पालिश से आता, उमर देखो. अन् माझं बोट धरून टायराच्या कडंला ठेवलं. तिथं चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन म्हंजे कितवा आठवडा, मागचे दोन म्हंजे कोणतं साल. मला अक्षर लावून लावून वाचावं लागतं, पण आकडा मोबाईलपायी झटकन कळतो. मी म्हणलं, भाई, माझ्या अंगावर असा आकडा छापला असता तर म्हातारपणाच्या पगारीच्या कागदाला तहसिलीचे येवढे हेलपाटे पडले नसते. सगळं दुकान हसलं.

मग त्यांनी मला सगळं दाखवलं. टायर चालून झिजतं तेवढंच उभं राहून सडतं. आपली ट्रॉली सहा-सात महिने उन्हात उभी, रबर आतनं वाळतं अन् वरनं कळत न्हाई. कडंला नखासारख्या बारीक चिरा दिसल्या की घ्यायचं न्हाई. रिमोल, म्हंजे जुन्यावर नवं रबर चिकटवलेलं, माणसं बसणाऱ्या ट्रॉलीला कधीच न्हाई. ट्यूबा बी नव्याच. मी चारी टायरं बोटानं वाचली. तीन ह्याच सालाची, चौथं चार सालं आधीचं निघालं. म्हणलं, भाई, हे म्हातारं मधी कुठून घुसलं? युनूसभाईनं कान धरले अन् दुसरं आणलं. परमेश्वर, अम्मा को दुकान पे बिठा दे, म्हणले. मला लय बरं वाटलं. तुझा बाप मात्र हसला न्हाई. खाली बघत उभा होता.

घरी आल्यावर मी गोठ्यामागं गेले. ट्रॉली उलटली त्या दिवशी फुटलेलं टायर तिथंच पडलंय, त्याला कुणी हात लावत न्हाई. पदरानं माती पुसली. मागचे दोन आकडे तेरा. आपण ते नवं म्हणून घेतलं तेविसात. दहा सालं जुनं टायर, पंकजा. मला रडू येईल असं वाटलं, आलं न्हाई. मागं तुझा बाप येऊन उभा होता. मी म्हणलं, तुला ठाव होतं? तो म्हणला, पंचनाम्याच्या वक्ताला कळलं. मग पोरीला का सांगितलं न्हाईस? तर म्हणतो, तिनं विचारलं असतं ना माय, ते टायर कुणी घेतलं. अन् शेळ्यांना पाला टाकायला निघून गेला.

ते टायर मी घेतलं होतं, पंकजा. तो म्हणत होता, अजून एक दुकान बघू. मी म्हणलं, बायकोला मिरवायला बघायलास का टायर? चांगलं चमकायलंय, हेच घे. तुझी आई पदर तोंडाला लावून हसली, अन् त्यानं माझा शब्द मोडला न्हाई. गाडी जोरात नव्हती. लोक म्हणले जोरात होती, ते तू धरून बसलीस, अन् मी सुदिक चार माणसांत त्याला म्हणलं, हळू चालवाया काय झालतं रे तुला? त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. दोन सालं झाली, ऐकूनच घ्यायलाय. हे सांगायसाठी पत्र लिहिलं, बाकीचं सगळं उगंच. तुला अबोला धरायचाच असंल तर माझ्याशी धर. पण बारशाला तुझ्या बापाला तू सोता बोलाव. सोमवारी निघाला की पाच महिने येत न्हाई. त्याचा नंबर जुनाच हाय. तू लावशील म्हणून त्यानं बदलला न्हाई.

तुझीच,
कस्तुराआजी