हिरे धुतलेलं पाणी

अगं, ऐकतेस ना,

तुझ्या आईने तुला दिलेली हिऱ्यांची कानातली तू गेल्यापासून कपाटातच होती. मोडायला माझा जीव होत नव्हता. पण लेकाचं लग्न ठरलं आणि त्याने त्याच हिऱ्यांची अंगठी मागितली.

हिरे काढण्याआधी सोनाराने कानातली साबणाच्या पाण्यात उकळली. पाणी हळूहळू दुधासारखं गढूळ झालं. "वहिनींनी कधी काढलीच नव्हती वाटतं," तो हसला. त्या पाण्यात तुझी पावडर होती, तुझा शाम्पू होता, कणीक मळता मळता कान खाजवायची तुझी सवय होती. हिरे लखलखले आणि मला एकदम परके वाटले. आयुष्यभर मी त्यांना मंदच समजत होतो ना!

सोनार पाणी ओतून द्यायला निघाला, तर मी बाटली मागितली. त्याला मी वेडा वाटलो असेन. घरी आणून तुझ्या गुलाबाच्या कुंडीत घातलं.

काल होणारी सून आली होती. गप्पांच्या नादात तिने अंगठीसकट कणकेत हात घातला. "काढून ठेव गं," म्हणणार होतो, पण जीभ चावली.

होऊ देत हिरे पुन्हा मंद.

"कानातली काढ" म्हणून म्हणून थकलेला,
तुझाच