गरम पाण्याची पिशवी

प्रिय हुशारबाई,

'प्रिय' सवयीने पडलं, हुरळून जाऊ नकोस.

कॉलेज अर्धवट सोडून जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळणाऱ्याला काय कळतं, असं तुझ्या आईला वाटतं. वाटू दे. तुला तर कळत होतं ना? कॅन्टीनमध्ये माझ्याच हातावर पेनाने आकृती काढून तूच शिकवलंस: मेंदूतल्या एका पेशीचा निरोप दुसरीला जिथे मिळतो, त्या सांध्याचं एक जनुक माझ्या दादात बिघडलंय, म्हणून त्याची समज लहान पोराएवढीच राहिली. ते एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स एकच, तोही आईकडून. बिघडलेला आला तर मुलगा दादासारखा. धड आला तर विषयच संपला, पुढे पोरांना द्यायला काही उरत नाही. म्हणजे मी सुटलो, असं विचारलं तर हसलीस. सुटलास रे, म्हणालीस, डोकं तेवढं तापट आहे.

आणि आम्ही लग्नाचं बोलायला आलो, तेव्हा तुमच्या दिवाणखान्यात तुझी आई माझ्या आईला तोंडावर म्हणाली, रक्तातच आहे हो तुमच्या, उद्या आमची नातवंडं तशीच निघायची. एक वाक्य बोलायचं होतंस. तू सोफ्याच्या कव्हरचा धागा उसवत बसलीस. मी बशी आपटली, तर तुझ्या आईला आयतंच सापडलं: बघा, हाही तसलाच! तुकडे माझ्या आईने वेचले. वर माफीही तिनेच मागितली. आता दादाला भरवताना ती त्याच्याकडे बघत नाही. माझ्याकडूनच आलं, एवढंच पुटपुटते. मी समजावतो, पण माझं कोण ऐकतंय?

तुझ्यावाचून माझं काही अडलेलं नाही. तुझ्या गल्लीतून जातो, तो दुकानाचा जवळचा रस्ता म्हणून. दुकान उलट दिशेला आहे, ते सोड.

दादाने मात्र 'ती कधी येणार' म्हणून भंडावलं, तेव्हा तू आजारी आहेस अशी थाप मारली. तीच अंगाशी आली. रोज संध्याकाळी तो गरम पाण्याची पिशवी भरून घेतो आणि तुला द्यायला दारात उभा राहतो. पाणी गार होतं, हा हलत नाही. परवा एकटाच तुझ्याकडे निघाला. एका सायकलवाल्याने चौकाच्या मधोमधून ओढून आणला. चहूकडून हॉर्न, आणि हा पिशवी शर्टाखाली घट्ट धरून.

म्हणून लिहितोय. ये. दुपारी ये, मी दुकानात असतो, माझं थोबाड बघायला नको. दादाला दिसू दे, तू ठणठणीत आहेस. त्याच्या हातातून ती पिशवी घे. आणि आईला सांग, यात तिची काही चूक नाही. तुझं ती ऐकेल. अजूनही ऐकेल, तेच मला सहन होत नाही.

'तुझाच' लिहून खोडलंय,
दादाचा धाकटा