चौथी डिस्क

४ नोव्हेंबर, अमरावती
अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आलो. राजापेठेतला हा फोटो स्टुडिओ ट्यूशन क्लासच्या वर आहे. जिना अरुंद, चहा मात्र झकास. आई विचारत होती, लग्नाचे फोटो सांभाळायचाही पगार देतात का? देतात, आई! आठ वर्षांची लग्नं कॉम्प्युटरच्या चार डिस्कच्या एका पेटीत आहेत आणि त्यातली एक डिस्क बंद पडली आहे, ती दुरुस्त करायला मला बोलावलंय. मालकीण साधनाताई रडकुंडीला आल्या होत्या. मी समजावलं की चारांतली एक गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिच्यावरचं सगळं नव्या डिस्कवर जसंच्या तसं लिहून काढतात. त्यांचे सासरे भगवंतराव आणि अल्बम बांधणारे गुलफामभाई माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला भाव खायला आवडतो, खोटं कशाला बोलू?

५ नोव्हेंबर
प्रत्येक डिस्कवर घरच्या माणसाच्या नावाची चिठ्ठी आहे: साधना, बाबा (म्हणजे भगवंतराव), गुलफाम, मनोज. ही मनोजरावांची, म्हणजे साधनाताईंच्या नवऱ्याची हौस. ते उन्हाळ्यात वारले. बंद पडली ती नेमकी त्यांच्या नावाची. नव्या डिस्कवर मी ऐटीत ‘अंकुर’ लिहिलं. दसऱ्याला यंत्रांना लावतात तसं साधनाताईंनी तिला हळदीकुंकू लावलं आणि त्याच बोटानं माझ्या कपाळाला. म्हणाल्या, “आता तुमी आमच्यातलेच, अंकुरभाऊ.” बरं वाटलं. दुपारी नव्या डिस्कवर लिहिणं सुरू झालं; किती टक्के झालं ते पडद्यावर दिसत राहतं.

७ नोव्हेंबर. ३१ टक्के
तिघंही दिवसभर मनोजरावांबद्दलच बोलतात. बाबा लहानपणचं सांगतात, गुलफामभाई धंद्यातलं, साधनाताई उरलेलं. ते डावखुरे होते, चहा बिनसाखरेचा प्यायचे. मला तीन चमचे लागतात. आज साखर घालायची राहिली. लक्षात आलं तेव्हा कप रिकामा होता.

९ नोव्हेंबर. ६४
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वळणदार येतंय, माझं कधीच नव्हतं. आईला फोन केला. तिनं दोनदा विचारलं, कोन बोलून राह्यलं? मला भीती वाटतेय.

१० नोव्हेंबर. ८५
नवी डिस्क उपटायला गेलो. साधनाताईंनी हात जोडले. “नका काढू. थोडेसेच राह्यले.” भाऊ म्हणाल्या नाहीत. पेटीची झडप उघडली होती मी. डाव्या हातानं ती परत लावली. मी नाही लावली —

११ नोव्हेंबर. ९७
माझं नाव अंकुर. घर अकोल्याला. आईचं नाव शकुन. विसरायचं नाही. आईचं नाव — आत्ताच लिहिलं, वर कुठंतरी —
साधनाताईंनी “अहो” म्हणून हाक मारली. मी ओ दिली.

१२ नोव्हेंबर
शंभर टक्के. सारी लग्नं सापडली. साधना चहा घेऊन उभी हाय, रडून राह्यली. टेबलावर कोनाची तरी वही हाय, अक्षर मात्र माह्यं. अकोल्याहून कोन्या बाईचा सारखा फोन येऊन राह्यला, पोराले विचारते. सांगून देतो तिले, अंकुर नावाचं अठी कोनी —